आ करा, सर!

माणसाचं ज्या ज्या अवयवांशी रोज काम पडतं, त्यांत दातांइतकं दुर्लक्षित खातं दुसरं नसेल. चष्मा लागला तर आपण चार दुकानं पालथी घालून फ्रेम निवडतो. केसांचं तर विचारूच नका. ते गेल्यावरसुद्धा त्यांच्या जागेची निगा राखणारी माणसं मी पाहिली आहेत. पण दात? ते जोवर दुखत नाहीत तोवर कोणाचेच नसतात, आणि दुखायला लागले की डॉक्टरांचे होतात. मधल्या काळात त्यांच्यावर ज्याची वहिवाट चालते, त्याचं नाव किटण.

माझ्या तोंडात ही वहिवाट चाळीसेक वर्षं बिनबोभाट चालू होती. कूळकायद्याने म्हणाल तर जमीन केव्हाच त्याच्या नावावर झाली असती.

तसा मी दात घासत नव्हतो असं नाही. लहानपण मेहकर तालुक्यातल्या एका खेड्यात गेलं. तिथे दात घासायची साधनं फुकट आणि मुबलक. चुलीजवळच्या कोनाड्यात राखुंडी, अंगणात निंब. आजी मशेरी लावायची, आणि ती लावून झाल्यावर तास-अर्धा तास तिच्याशी बोलायची कोणाची टाप नव्हती. वडील निंबाची काडी चावत गावाला एक चक्कर मारून यायचे. त्यांचा दात घासण्याचा आणि जनसंपर्काचा कार्यक्रम एकच. पुढे मेहकरला शिकायला आलो तेव्हा माकडछाप काळी टूथपावडर भेटली. काळ्या पावडरीने पांढरे दात कसे होतात हा प्रश्न मला पडला होता, पण माझे कधी झालेच नाहीत, त्यामुळे त्याचं उत्तर शोधावं लागलं नाही. नोकरी लागल्यावर ब्रश आला. पहिला ब्रश मी सहा वर्षं वापरला. त्याचे केस आणि माझे केस साधारण एकाच सुमाराला गळाले. मग तो सायकलची चेन साफ करायला गेला आणि तिथे त्याने जे काम केलं, ते पाहून माझ्या दातांना नक्की वाईट वाटलं असणार.

घासण्याची माझी पद्धतही सुटसुटीत. पुढचे सहा दात लोकांना दिसतात, तेवढे घासायचे. मागचे दिसत नाहीत, ते त्यांचं ते पाहून घेतील. आतली बाजू तर मलाही दिसत नव्हती. एकूण वेळ पाऊण मिनिट. त्यात चहा उतू जातोय का हे पाहणंही आलं.

आणि मी होतो मास्तर. भूगोलाचा. शनिवारी सकाळची शाळा असायची, आणि प्रार्थना झाली की मुलांची तपासणी. नखं, केस, दात. रांगेतून फिरत मी एकेकाला फर्मावायचो, ‘आ कर!’ ज्याचे दात पिवळे त्याला रांगेबाहेर काढायचं, सगळ्या शाळेसमोर उभं करायचं आणि स्वच्छतेवर पाच मिनिटं बोलायचं. बोलताना मी तोंडासमोर हात धरत असे. मुलांना वाटायचं, सरांना खोकला आहे.

किटण दिसत होतं, नाही असं नाही. खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला जिभेला एक सलग भिंत लागायची. कुठे दात संपतो आणि कुठे पुढचा सुरू होतो, हे जिभेला कळत नसे. मला वाटायचं, वय झालं की दात असेच एकमेकांच्या जवळ येत असतील. माणसंही येतातच की.

शिवाय पानठेल्यावरची तज्ज्ञ मंडळी माझ्या बाजूची होती. एकदा कोणीतरी दात साफ करून घेण्याचा विषय काढला, तर तिथल्या एका जाणत्याने मला बाजूला घेऊन सांगितलं, ‘सर, त्या भानगडीत पडू नका. दात साफ केले का मंग ते हालाले लागतेत. आमच्या काकाचे सारे गेले.’ काकांचे दात आधीच हलत होते का, हे विचारण्याची पानठेल्यावर प्रथा नसते. त्यात आमच्या वडिलांची कवळी पंचावन्नाव्या वर्षी आली होती. म्हणजे आमच्या घराण्यात दात टिकत नाहीत हे सिद्धच. जे जाणारच आहे, त्याची देखभाल कोण करतो? एसटीत आपण कधी खिडकी पुसतो का?

असं सगळं सुरळीत चाललं असताना गेल्या पावसाळ्यात शेगावला गजानन महाराजांच्या दर्शनाला गेलो. दर्शन झाल्यावर कचोरी खाल्ल्याशिवाय परत येणं हा त्या गावाचा अपमान. पहिल्याच घासाला तोंडात कडक असं काही आलं. कचोरीत खडा म्हणून मी दुकानदाराकडे रागाने पाहिलं. जिभेने चाचपलं, तर भिंतीला भगदाड! बोटाने काढून तळहातावर घेतलं. हरभऱ्याच्या अर्ध्या डाळीएवढा, पिवळसर तपकिरी तुकडा. दात पडला, मी म्हटलं. घराण्याची परंपरा माझ्यापर्यंत पोचली.

भूगोलाच्या मास्तराने आयुष्यात कुठलाही दगड टाकून दिलेला नसतो. मी तो कागदाच्या पुडीत बांधला आणि दुसऱ्या दिवशी मेहकरात दातांच्या दवाखान्यात हजर झालो. डॉक्टर एक चाळिशीतली बाई. मला पाहून ती उठून उभी राहिली.

‘सर! ओळखलंत?’

मास्तराला हा प्रश्न रोज विचारला जातो आणि त्याचं उत्तर नेहमी ‘हो हो, वा वा’ असंच असतं. मी तेच दिलं. पण ती हसली, आणि तिच्या पुढच्या एका दातावरचा तपकिरी डाग मला दिसला. आणि खरंच ओळखलं. शनिवार. डावीकडची मुलींची रांग. मी तिला बाहेर काढलं होतं. एकदा नव्हे.

माझा घसा कोरडा पडला. ज्या मुलीला आपण शाळेसमोर उभं केलं, तिच्या हातात आता टोकदार आकडी आहे, आणि आपण खुर्चीत पाय वर करून आडवे आहोत, ही अवस्था कोणत्याही शिक्षकावर येऊ नये. तिने दिवा माझ्या तोंडावर फिरवला आणि अगदी नम्रपणे म्हणाली,

‘आ करा, सर.’

मी केला. ती बराच वेळ काही बोलली नाही. वही तपासताना पहिल्याच पानावर लाल शाई संपावी, तशी शांतता. मग पुडीतला तुकडा दिव्याखाली धरून म्हणाली, ‘सर, हा दात नाही. हे किटण आहे. दात आत आहे अजून.’

आपला दात शाबूत आहे याचा आनंद मानावा, की दाताएवढं किटण बाळगल्याची लाज, हे मला ठरवता येईना. तोवर तिने समजावायला सुरुवात केली. दातांवर जंतूंचा एक चिकट थर रोज बसतो. तो रोज निघाला तर ठीक. राहिला, तर लाळेतलं कॅल्शियम आणि फॉस्फेट त्यात मुरत जातं आणि दहा-बारा दिवसांत त्याचा दगड होतो. एकदा दगड झाला की ब्रशने निघत नाही, कितीही घासा. त्याच्या खरखरीत अंगावर नवा थर आणखी सोयीने बसतो. आणि लाळेच्या ग्रंथींची तोंडं जिथे उघडतात तिथे, म्हणजे खालच्या पुढच्या दातांच्या मागे आणि वरच्या दाढांच्या बाहेरच्या बाजूला, तो सगळ्यांत जास्त साचतो.

‘सर, तुम्ही आम्हाला सहलीला लोणारला न्यायचात ना? काठावर ती पांढरी पापडी दाखवायचात. तसंच.’

मी खुर्चीत आडवाच होतो, म्हणून बरं. अहो, लोणारचं सरोवर मी दरवर्षी मुलांना दाखवलं. उल्केच्या आघाताने बेसॉल्ट खडकात झालेलं विवर, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं. खारं, अल्कधर्मी पाणी. पाणी येतं पण बाहेर जात नाही. उन्हाने आटतं आणि क्षार काठावर बसतात. ‘आईन-इ-अकबरी’तसुद्धा या सरोवरातून काच आणि साबणासाठी लागणारं द्रव्य मिळतं आणि त्यावर महसूल येतो अशी नोंद आहे. हे सगळं मी पोरांना तोंडपाठ सांगायचो, आणि सांगताना माझ्याच तोंडात त्याची लहान प्रतिकृती तयार होत होती. मोगल बादशाहीला आपल्या क्षारांतून उत्पन्न झालं. मला बिल आलं, एवढाच फरक.

साम्य पुढेही निघालं. लोणारच्या वयावर शास्त्रज्ञांत एकमत नाही. एका मोजणीने ते ५० हजार वर्षांच्या आसपास येतं, दुसरीने साडेपाच लाखांच्या वर जातं. माझ्या किटणाच्या वयावरही घरात असेच दोन पक्ष पडले. मी म्हणालो, निवृत्तीनंतरचं असावं. मुलगा म्हणाला, ‘बाबा, माझ्या मुंजीच्या फोटोत दिसतंय.’ जून २०२० मध्ये लोणारचं पाणी मिठात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे गुलाबी झालं आणि देशभर बातमी झाली. माझी चूळ तर कित्येक वर्षं गुलाबी येत होती. कोणी बातमी केली नाही. हिरड्यांतून रक्त येणं हा आंब्याच्या काडीचा दोष, असं मी धरून चाललो होतो.

त्या दिवशी पहिली बैठक झाली. यंत्राचं टोक म्हणे सेकंदाला २५ हजारांहून अधिक वेळा थरथरतं, आणि सोबत पाण्याची चिळकांडी. आवाज असा, की शेजारच्या घरात कोणीतरी फरशी कापतंय आणि ते घर आपलं डोकं आहे. दुखलं फार नाही. खरं दुःख दुसरंच होतं. चूळ भरली की भांड्यात तुकडे पडायचे. ठण्, ठण्. आयुष्यभराची कमाई बाहेर पडत होती. निअँडरथल माणसाच्या दातांवरच्या किटणात शास्त्रज्ञांना शिजवलेल्या धान्याचे कण सापडले, आणि हजारो वर्षांपूर्वी तो काय जेवत होता ते कळलं, असं मी वाचलं होतं. माझ्या तुकड्यांत त्यांना काय मिळालं असतं? ज्वारीची भाकरी, ठेचा, पानाचा चुना, वांग्याचं भरीत, आणि चौतीस वर्षांचा खडू. सबंध चरित्र त्या भांड्यात होतं, आणि कंपाउंडरने नळ सोडून दिला.

घरी येऊन मास्तरकीच्या सवयीने पुस्तकं काढली, तर आणखी एक जण भेटला. हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावचा ल्युवेनहॉक. व्यवसाय कापडाचा, नाद भिंगं घासण्याचा. १६८३ साली त्याने स्वतःच्या दातांवरचा पांढरा थर भिंगाखाली धरला आणि त्यात वळवळणारे जीव पाहून थक्क होऊन लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्र लिहिलं. हा गृहस्थ रोज मिठाने दात घासायचा, तरी ही कथा. मग त्याने ज्याने जन्मात दात घासले नाहीत अशा एका म्हाताऱ्याला गाठलं, आणि त्याच्या तोंडात तर जीवांची न मोजण्याजोगी गर्दी निघाली. त्या म्हाताऱ्याचं नाव इतिहासाने नोंदवलं नाही. पण विज्ञानाच्या इतिहासात माझ्यासारख्यांचाही वाटा आहे, एवढं मला त्या रात्री समाधान वाटलं.

ते फार टिकलं नाही. उरलेलं काम दुसऱ्या बैठकीत करायचं होतं, आणि डॉक्टर पोरीने निघताना सांगितलं, ‘सर, पुढच्या वेळी काकूंना घेऊन या.’ हे वाक्य मी ओळखलं. ‘उद्या पालकांना घेऊन ये’ याचीच ती सुधारलेली आवृत्ती होती.

आता इथे लवंगेबद्दल सांगायला हवं. रात्री जेवण झालं की आमच्या सौभाग्यवती माझ्या तळहातावर एक लवंग ठेवतात. गेली तीसेक वर्षं. मी मागितलेली नसते, त्या विसरत नाहीत. बोलणं कमी, पण लवंग रोज. संसारातलं प्रेम असंच मुकं असतं, असं मला वाटायचं. वाटायचं कसलं, मी ते जाहीर केलं होतं. माझ्या निवृत्तीच्या सत्कारात दाटल्या गळ्याने मी त्या लवंगेची गोष्ट सांगितली. टाळ्या पडल्या. मुख्याध्यापकांनी डोळे पुसले. आमच्या सौभाग्यवतींनी मान खाली घातली. मला वाटलं, लाजल्या.

तर दुसऱ्या बैठकीला आम्ही दोघं गेलो. डॉक्टर कार्ड भरत होती. हिरड्या सुजतात का, रक्त येतं का, शुगर आहे का. शुगर आणि हिरड्या एकमेकींना बिघडवतात, म्हणून ते विचारावं लागतं, म्हणाली. मग लिहिता लिहिता सहज विचारलं, ‘काकू, सरांच्या तोंडाला वास यायचा का?’

सौभाग्यवतींनी पर्सची चेन उघडली, लावली, पुन्हा उघडली.

‘लवंग द्यायची ना मी,’ त्या म्हणाल्या.

दवाखान्यात यंत्र बंद होतं, तरी मला डोक्यात फरशी कापल्यासारखं झालं. तीस वर्षं, रोज एक. लीप वर्षं धरून हिशेब करून पाहा. मी नंतर केला. दहा हजारांच्या वर जातो. रिक्षात बसल्यावर मी विचारलं, ‘मग सरळ सांगितलं का नाहीस?’

‘सांगितलं होतं एकदा. तुम्ही चार दिवस बोलला नाहीत. मग म्हणालात, आमच्या घराण्यात सगळ्यांचाच असतो.’

मला हे अजिबात आठवत नव्हतं. पण वाक्य माझंच होतं, यात शंका नव्हती. ज्या माणसाने पोरांना चारशे जणांसमोर तोंड उघडायला लावलं, त्याला त्याच्या बायकोला एक गोष्ट सांगायला लवंगेचा आडोसा घ्यावा लागला होता.

तिसऱ्या आणि शेवटच्या बैठकीला मी एकटा गेलो. हिरड्यांच्या खालचं किटण काढून झालं, पॉलिश झालं. खालचे दोन दात हलत होते. त्यातला एक काढावा लागला. मी घाबरत घाबरत पानठेल्यावरचा सिद्धांत मांडला, की साफ केल्यामुळेच ते हलायला लागले असतील. ती म्हणाली, ‘सर, किटणामुळे हिरडी खाली सरकली आणि आतलं हाड झिजलं. दात तेव्हाच सैल झाले. किटणाने त्यांना नुसतं एकमेकांत चिणून ठेवलं होतं, म्हणून कळत नव्हतं. झिजलेलं हाड परत येत नाही. पण उरलेले दात टिकतील. तुम्ही रोज घासलेत आणि दर सहा महिन्यांनी आलात तर.’

हे ऐकून मला वडील आठवले. त्यांचे दात घराण्यामुळे गेले नव्हते. निंबाची काडी चावत ते गावभर फिरायचे, पण आतली बाजू त्यांनाही दिसत नसावी.

मग मीच विषय काढला. काढल्याशिवाय उठवेना. ‘तुला मी रांगेतून बाहेर काढलं होतं. दातांवरून.’

‘हो सर. तीनदा.’ तिने हातमोजे काढले. ‘आमच्या गावच्या बोअरच्या पाण्यात फ्लोराइड होतं. लहानपणी दात तयार होतानाच ते डाग आत बसतात. घासून जात नाहीत. तुम्ही सांगायचात म्हणून मी दोनदा घासायची. हिरडीतून रक्त येईपर्यंत.’

मी भूगोल शिकवत होतो. तालुक्यातल्या विहिरी, बोअर, पाण्याची पातळी, सगळं फळ्यावर काढायचो. पाण्यात काय आहे, ते त्या मुलीच्या दातांवर लिहिलेलं होतं. मला वाचता आलं नाही. तिचे डाग घासून जाणारे नव्हते आणि तिने घासले. माझं किटण वेळेवर घासलं असतं तर साठलंच नसतं, आणि मी तोंडासमोर हात धरला.

‘बाकीच्या दातांवरचे डाग मी झाकून घेतले,’ ती म्हणाली. ‘हा एक मुद्दाम ठेवलाय. गावाकडची मुलं आली की दाखवते. म्हणजे ती आ करायला लाजत नाहीत.’

यावर काय बोलावं? ‘बाळ, माझं चुकलं,’ एवढं म्हणालो. पण नुकताच दात काढलेला, तोंडात कापूस, गाल बधिर. त्यामुळे ते वाक्य नेमकं कसं बाहेर पडलं मला माहीत नाही. तिला बहुधा कळलं. म्हणाली, ‘सर, अर्धा तास कापूस काढू नका. आणि बोलू नका.’

मास्तराला बोलू नका सांगणारी पहिली विद्यार्थिनी.

आता दोन महिने झाले. पहिले काही दिवस गार पाणी थेट मेंदूत जायचं. दातांमध्ये फटी पडल्या. म्हणजे त्या होत्याच, किटणाने बुजवल्या होत्या. ‘स’ म्हणताना शीळ वाजते. जीभ जुनी भिंत शोधत हिंडते आणि मोकळ्या मैदानात आल्यासारखी परत फिरते. ब्रश नवा आहे, दर तीन महिन्यांनी बदलायचा आहे, आणि सायकलची चेन त्यामुळे चकाकते आहे. पानठेल्यावर मी काढलेल्या दाताची जागा दाखवली, तर तो जाणता विजयाने म्हणाला, ‘पाहा, म्हनलं होतं ना मी तुमाले?’ मी त्याला हिरडी, हाड, किटण सगळं समजावलं. शेवटी म्हटलं, ‘आ कर.’ त्याने केला नाही. मी आग्रह धरला नाही.

त्या रात्री जेवण झालं आणि सवयीने माझा हात पुढे गेला. सौभाग्यवतींनी डबी उघडली. लवंग काढली. माझ्या तळहाताकडे पाहिलं, जरा थांबल्या, आणि ती लवंग स्वतःच्या तोंडात टाकली.

‘अगं?’

‘पुढच्या आठवड्यात मलाही न्या त्या पोरीकडे,’ त्या दुसरीकडे पाहत म्हणाल्या. ‘माझी आतली बाजू मी तरी कुठे पाहिलीय?’